पावसाळा आला की लेन्सवर पुन्हा बुरशी: पुण्यातील हौशी छायाचित्रकारांसाठी समस्या निवारण

तक्रारीचे स्वरूप जवळजवळ ठरलेले असते. गेल्या ऑगस्टमध्ये लेन्सच्या आतल्या भिंगावर बुरशी दिसली, दिवाळीच्या सुमारास पैसे मोजून लेन्स उघडून साफ करून घेतली, त्यानंतर ती बॅगेत जपून ठेवली, आणि यंदा नारळी पौर्णिमेच्या आसपास पाहावे तो पुन्हा तेच. दोष बहुधा साफ करणाऱ्याच्या माथी मारला जातो. क्वचित तो खराही असतो. परंतु बुरशी दुसऱ्यांदा येते तेव्हा लेन्सपेक्षा ती जेथे ठेवली जाते ती जागा तपासलेली बरी. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि नुकत्याच साफ केलेल्या लेन्समध्येही ते हवेबरोबर शिरतात. त्यांना रुजायला दमटपणा, बेताचे तापमान, काळोख आणि धुळीचा किंवा बोटांच्या तेलाचा अंश एवढे पुरेसे होते. यांपैकी दमटपणा तेवढा आपल्या हाती आहे, म्हणून उपायाची सुरुवात तेथून करावी.

आधी ती बुरशीच आहे ना?

चित्रात डाग दिसला म्हणजे लेन्सला बुरशी आली, असे समजून दुकान गाठणारे पुष्कळ असतात. वेताळ टेकडीवरून घेतलेल्या आकाशाच्या चित्रात एक करडा ठिपका दिसत असेल, तो अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) लहान असताना, म्हणजे एफ/१६ किंवा एफ/२२ ला, ठळक आणि ते मोठे असताना, म्हणजे एफ/४ ला, जवळपास नाहीसा होत असेल, आणि लेन्स बदलूनही त्याच जागी राहत असेल, तर ती कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीवरची, धूळ आहे. लेन्सचा त्यात काही संबंध नाही. लेन्सच्या पुढच्या भिंगावरची धूळ चित्रात असा ठिपका सहसा उमटवत नाही. बुरशीचा परिणाम वेगळ्या रीतीने दिसतो: चित्र एकूणच फिकट पडते आणि समोरून प्रकाश येत असेल तर दिव्याभोवती धूसर वलय पसरते. सुरुवातीच्या काळात मात्र चित्रात काहीच जाणवत नाही, म्हणून लेन्स डोळ्यांनीच तपासावी लागते.

त्यासाठी खोलीत अंधार करावा, लेन्स कॅमेऱ्यावरून काढावी, दोन्ही टोप्या आणि फिल्टर उतरवावा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा आणि पुढून पाहावे. मग लेन्स उलटी करून पुन्हा तसेच पाहावे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे नसेल तर निम्मी लेन्स तपासायची राहून जाते. कॅननच्या ईएफ लेन्सेसमध्ये ते कॅमेऱ्यावरून काढल्यावर उघडेच राहते. निकॉनच्या ‘जी’ (G) प्रकारच्या लेन्सेसमध्ये ते मिटलेले असते आणि मागच्या माउंटजवळची (कॅमेऱ्याला जोडण्याच्या कड्याजवळची) बारीकशी तरफ बोटाने हलकेच सरकवून धरावी लागते. टॉर्चच्या प्रकाशात नवीकोरी लेन्ससुद्धा धुळीने भरलेली दिसते. त्याने घाबरून जाऊ नये. शोधायचे ते कोळ्याच्या जाळ्यासारखे, एका बिंदूपासून फुटून फांद्या फांद्या होत गेलेले बारीक तंतू. ते बहुधा भिंगाच्या कडेकडून आत सरकतात, आणि टॉर्चचा कोन थोडा बदलला की एकदम दिसतात किंवा एकदम लपतात, म्हणून लेन्स हळूहळू फिरवत पाहावे.

तंतू नसून सगळ्या भिंगावर सारखा धुरकटपणा असेल तर ती बहुतेक वेळा आतल्या वंगणाची वाफ बसून आलेला पातळ थर असतो. कडेला इंद्रधनुषी रंगाची पट्टी किंवा बुडबुड्यासारखा भाग दिसत असेल तर एकमेकांना चिकटवलेली दोन भिंगे सुटू लागलेली असतात. हे दोन्ही दोष लेन्स कोरडी ठेवून जात नाहीत, आणि दुसरा तर दुरुस्त करून घेणे बहुधा परवडत नाही. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर आलेला धूसरपणा अर्ध्या तासात आपोआप जात असेल तर ते केवळ बाष्प आहे. मात्र तेच पुन्हा पुन्हा लेन्सच्या आत साचत असेल तर ती बुरशीची नांदी समजावी.

जुलैतली हवा आणि कपाटातली हवा

बुरशी साधारणपणे ६० ते ६५ टक्क्यांच्या वरच्या सापेक्ष आर्द्रतेत (हवा त्या तापमानाला जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे ते प्रमाण) जोम धरते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी ती ८५ टक्क्यांच्या आसपास असते. त्याच दिवसांत तापमान विशीच्या घरात स्थिर राहते, जे बुरशीला नेमके मानवते. येथील पाऊस कोकणाच्या मानाने थोडा, म्हणून ‘आपल्याकडे कसली आली बुरशी’ असे म्हणण्याची सवय आहे. पण लेन्सला मिलिमीटरमध्ये मोजलेल्या पावसाशी देणेघेणे नसते. आठवडेच्या आठवडे ऊन न पडता रिमझिम चालू राहिली की कपाटातली हवा कोरडी होण्याची संधीच मिळत नाही.

त्यात भर पडते ती आपल्या छंदाच्या दिनदर्शिकेची. आषाढी वारीत दिवे घाटात भिजायचे, जुलैमध्ये ताम्हिणी किंवा सिंहगडाच्या धुक्यात शिरायचे, गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल झेलायचा आणि सप्टेंबरमध्ये कास पठारावर पावसात ओणवे होऊन फुले टिपायची. वर्षातली सर्वांत दमट चार महिन्यांची मुदत हीच आपली सर्वांत उत्साहाची मुदत असते, आणि अशा प्रत्येक फेरीनंतर ओलसर बॅग चेन लावून कपाटात जाते. कॅमेऱ्याच्या बॅगेतला फोम आणि कापडी अस्तर ओल धरून ठेवतात. चामड्याचे पाकीट तर त्याहून अधिक. बाहेरून कोरडी वाटणारी बॅग आतल्या लेन्सला दिवसेंदिवस ओल पुरवत राहते.

कपाटाची जागाही पाहावी. पश्चिमेकडच्या किंवा नैर्ऋत्येकडच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट, न्हाणीघराच्या सामाईक भिंतीतले फडताळ आणि गच्चीखालचा माळा या तिन्ही जागा पावसाळ्यात लेन्ससाठी बाद समजाव्यात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी लेन्स दोनदा साफ करून घेतली, दुकान बदलले, सिलिका जेलच्या पुड्या वाढवल्या, आणि तरीही बुरशी येत राहिली. शेवटी कपाटातले कपडे बाहेर काढल्यावर मागच्या प्लायवर हाताला गार लागणारा, हातभर लांबीचा ओलीचा पट्टा निघाला. बाहेरच्या प्लास्टरला गेलेल्या तड्यातून पाणी झिरपत होते. तेथे लेन्सवर कितीही खर्च केला असता तरी तो व्यर्थच होता.

मोजमाप

अंदाजावर न विसंबता एक लहान डिजिटल आर्द्रतामापक घ्यावा. तो काही शे रुपयांत मिळतो आणि लेन्सच्या एका दुरुस्तीपेक्षा खूपच स्वस्त पडतो. स्वस्त मापक मात्र पाच-दहा टक्क्यांनी चुकू शकतात, म्हणून वापरण्यापूर्वी त्याची मिठाची चाचणी करावी. बाटलीच्या टोपणात साधे मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थेंब असे टाकावेत की मीठ ओलसर होईल पण विरघळणार नाही. ते टोपण आणि मापक एका बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून रात्रभर सोडावे. अशा ओल्या मिठावरची बंदिस्त हवा आपल्याकडच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. मापक ८१ दाखवत असेल तर तो सहा टक्के जास्त दाखवतो हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे आणि पुढे तेवढे वजा करीत जावे.

नंतर तो कपाटात ठेवून पावसाळ्यातला एक आठवडा सकाळ-संध्याकाळ आकडे टिपावेत. आकडा सतत ६५ च्या वर राहत असेल तर बुरशी परत का येते याचे उत्तर मिळाले, आणि मग पुढचा उपाय टाळून काही साधणार नाही.

हवाबंद डबा

वीजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी राखणारे कपाट, हा उत्तम उपाय आहे, आणि ज्यांच्याकडे चार-पाच महागड्या लेन्सेस आहेत त्यांनी तो खुशाल घ्यावा. ज्याच्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आणि आणखी एक-दोन लेन्सेस आहेत त्याने एवढा खर्च करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. झाकणाला रबरी कडे आणि चारही बाजूंना खटके असलेला दहा-बारा लिटरचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि वर सांगितलेला आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. सिलिका जेल रसायनांच्या दुकानांत सुटे वजनावर मिळते. बुटांच्या खोक्यातल्या जुन्या पुड्या गोळा करण्यात अर्थ नाही, कारण त्या कधीच ओल पिऊन तृप्त झालेल्या असतात.

जेल किती लागेल याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २८ अंश तापमानाला आणि ८० टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे बारा लिटरच्या डब्यातल्या सगळ्या हवेत मिळून जेमतेम पाव ग्रॅम पाणी असते. शंभर ग्रॅम सिलिका जेल आपल्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा पाणी सहज शोषते. तेव्हा डब्यातली हवा कोरडी करणे हे अगदी किरकोळ काम आहे. जेलची शक्ती खर्च होते ती आपण आत जे जे घालतो त्यातली ओल काढण्यात: कॅमेऱ्याचा कापडी पट्टा, फोमचे कप्पे, लेन्सची कापडी पिशवी, पुसायचे फडके. यांतले काहीही डब्यात ठेवू नये. लेन्स आणि कॅमेरा उघडेच ठेवावेत, खाली हवे तर प्लास्टिकची जाळी अंथरावी, आणि बॅग बाहेर पंख्याखाली राहू द्यावी. एवढा एक नियम पाळला तर एकदा भरलेले शंभर-दोनशे ग्रॅम जेल कित्येक आठवडे पुरते. न पाळल्यास चार दिवसांत रंग बदलते आणि ‘सिलिका जेलने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहावी. वाळवंटासारखा कोरडेपणा साधण्याच्या मागे लागू नये. त्याने बुरशी अधिक मरत नाही, उलट रबराला आणि वंगणाला ते दीर्घकाळ चांगले नसते. मापक ३५ च्या खाली जाऊ लागला तर थोडे जेल काढून घ्यावे.

रंगीत जेलमध्ये नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवट होतात आणि निळे दाणे गुलाबी होतात. निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरलेले असते आणि ते आरोग्याला घातक मानले जाते, म्हणून नारिंगी घ्यावे. जेल पुन्हा कोरडे करण्यासाठी साधारण ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवावे. छोट्या ओव्हनमध्ये हे नीट जमते, कढईत मंद आचेवर हलवत राहूनही जमते. भांडे मात्र त्याच कामाचे वेगळे ठेवावे, आणि दाणे पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घालावेत.

घरगुती उपायांपैकी तांदळाचा उपाय सोडून द्यावा. पावसाळ्यातला तांदूळ स्वतःच ओलसर असतो, आणि त्याची पिठूळ भुकटी लेन्सच्या कड्यांत जाऊन बसते. डांबराच्या गोळ्या तर लेन्सच्या आसपासही नसाव्यात. त्यांची वाफ भिंगावर बसते. पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवण्याची पद्धत होती आणि ती शास्त्राला धरून होती, कारण त्या जुन्या बल्बच्या उष्णतेने कपाटातली हवा जराशी तापून तिची सापेक्ष आर्द्रता उतरत असे. आता त्याच खोबणीत एलईडी बल्ब लावतात. तो उजेड देतो, उष्णता नावाला देतो, आणि लोक उगाच निश्चिंत राहतात.

बाहेरून आल्यावर

भिजलेल्या लेन्सची बाहेर आलेली नळी पुसल्याशिवाय झूम आत ओढू नये. नाहीतर नळीवरचे पाणी आपणच लेन्सच्या पोटात ढकलतो. घरी आल्यावर बाहेरचा भाग कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यावा, फिल्टर काढावा, कारण फिल्टर आणि पुढचे भिंग यांच्यामध्ये अडकलेली ओल हमखास राहून जाते, आणि लेन्स दोन-तीन तास पंख्याच्या वाऱ्यात ठेवून मगच डब्यात टाकावी. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये.

गुलाल पडलेल्या लेन्सवर आधी कापड फिरवणे ही लक्ष्मी रस्त्यावर अनंत चतुर्दशीला नेहमी दिसणारी गोष्ट आहे आणि तिने भिंगाच्या कोटिंगवर (पातळ लेपावर) कायमचे ओरखडे पडतात. प्रथम हवेच्या रबरी फुग्याने, लेन्स खाली तोंड करून, जेवढी भुकटी उडेल तेवढी उडवावी. मग मऊ ब्रश. आणि अखेरीस भिंग पुसण्याच्या द्रावणाचा एक थेंब कापडावर, भिंगावर नव्हे, घेऊन मधून कडेकडे गोल पुसावे. स्टार्चवर बनवलेला गुलाल बुरशीचे आयते खाद्य ठरतो, म्हणून ही सफाई दुसऱ्या दिवसावर टाकू नये. एरवी मी फिल्टरचा फारसा पुरस्कर्ता नाही, पण मिरवणुकीपुरता तो अवश्य लावावा.

वातानुकूलित गाडीतून घाटात उतरताना बाष्प टाळायचे असेल तर पोचण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे यंत्रणा बंद करून काचा खाली कराव्यात, बॅग बंदच ठेवावी, आणि भिंग धुरकटले असताना लेन्स बदलू नये.

आलेल्या बुरशीचे काय करावे?

कडेला दोन-चार तंतू असतील आणि प्रकाशाकडे तोंड करून घेतलेल्या चित्रात फरक पडत नसेल तर लेन्स उघडण्याची घाई करू नये. कोरड्या डब्यात बुरशीची वाढ थांबते. ती नाहीशी होत नाही, पण पसरतही नाही. मागच्या भिंगाजवळची बुरशी पुढच्या भिंगावरच्या बुरशीपेक्षा चित्र अधिक बिघडवते, हे निर्णय घेताना ध्यानात ठेवावे. वाढती बुरशी मात्र फार काळ तशीच राहू देणे योग्य नाही, कारण तिच्यातून स्रवणारी आम्ले कोटिंग आणि पुढे काचही खातात, आणि मग साफ केल्यावरही तंतूंची नक्षी भिंगावर कोरलेली राहते. दुसऱ्यांदा ‘त्याच जागी’ दिसणारी बुरशी पुष्कळदा ही जुनी कोरीव खूणच असते. म्हणून साफ करून आणलेल्या लेन्सचे टॉर्चच्या प्रकाशातले छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. पुढच्या पावसाळ्यात वाद घालण्यापूर्वी ते समोर ठेवून ताडून पाहता येते.

लेन्स उन्हात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी बुरशी मारणारे किरण जमिनीपर्यंत जेमतेम पोचतात आणि उरलेले काचेतच अडतात, त्यामुळे आतली बुरशी सुखरूप राहते. वंगण मात्र पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरू शकते, आणि टोपी नसलेली लेन्स पडद्यावर किंवा गादीवर सूर्य एकवटून आगही लावू शकते.

स्वतः लेन्स उघडण्याविषयी माझे मत असे की जुन्या धातूच्या, हाताने फोकस करायच्या, एकाच फोकल लांबीच्या, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सवर शिकायला हरकत नाही. आधुनिक झूम लेन्समध्ये रिबनच्या तारा असतात, भिंगांचे समूह विशिष्ट स्थानी बसवलेले असतात, आणि ते केसभर सरकले तरी चित्राची एक बाजू कायमची मवाळ, म्हणजे कमी रेखीव, येते. त्या जाणकाराकडेच द्याव्यात, आणि देण्यापूर्वी खर्च विचारावा; १८-५५ सारख्या लेन्सच्या बाबतीत साफसफाईच्या पैशांत तीच लेन्स वापरलेली पण स्वच्छ स्थितीत मिळू शकते.

पुढची लेन्स घेताना

नळी आतबाहेर होणारी झूम लेन्स प्रत्येक झूमबरोबर हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर बाष्प व धूळही. लांबी न बदलणाऱ्या लेन्सेस या बाबतीत उजव्या असतात. माउंटवर रबरी कडे असलेली लेन्स पावसाच्या शिंतोड्यांना दाद देत नाही, पण तीसुद्धा हवाबंद नसते. दमट कपाटात तिलाही बुरशी येतेच. त्यामुळे केवळ बुरशीच्या भीतीने महाग लेन्स घेण्याला आधार नाही.

त्यापेक्षा संख्या आवरावी. पेठांतल्या गल्ल्यांसाठी ३५ मिमी एफ/१.८, भिगवणच्या किंवा कवडीपाटच्या पक्ष्यांसाठी ३०० मिमीपर्यंत जाणारी, दूरचे जवळ दाखवणारी एक टेली लेन्स, आणि हाताशी असलेली १८-५५; लहान (एपीएस-सी) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एवढ्यात हौशी माणसाचे बहुतेक काम होते. लहान सेन्सरवर ५० मिमी लेन्स ७५ ते ८० मिमीसारखी वागते आणि गल्लीत मागे सरकायला जागा उरत नाही, म्हणून केवळ स्वस्त म्हणून ती घेऊ नये. न वापरता पडून राहिलेल्या चौथ्या-पाचव्या लेन्सलाच बुरशी सर्वांत आधी गाठते.

वापरलेली लेन्स घ्यायची असल्यास ती उजेडात नव्हे, अंधारात टॉर्चने पाहू द्यावी अशी अट आधीच घालावी, आणि ती कोठे ठेवली होती हे विचारावे. ‘मूळ चामड्याच्या पाकिटात, वर्षानुवर्षे हातही न लावता’ असे उत्तर आले तर टॉर्च आणखी थोडा वेळ चालू ठेवावा. घेतल्यावर ती पहिल्या पावसाळ्यापुरती वेगळ्या लहान डब्यात, वेगळ्या जेलसह ठेवावी, आणि जून, ऑगस्ट व ऑक्टोबरमध्ये टॉर्चच्या प्रकाशात तिचे छायाचित्र काढावे; तिन्ही चित्रे सारखी आली तर ती इतर लेन्सेसच्या डब्यात हलवायला हरकत नाही.